संग्रहालय चांगले, मग बागेत का नको?

संग्रहालय म्हणजे ज्ञानाचे भांडार. मग ते बागेत बांधायला लोक विरोध का करतात? अमेरिकेतल्या शिकागो शहराचे उदाहरण बघूया.

तिथे मिशिगन सरोवराकाठची जागा सार्वजनिक राहील, तिच्यावर कधीच इमारत होणार नाही, अशी नोंद १८३६ च्या नकाशातच होती. आज तिथे ग्रँट पार्क आहे. या बागेत फील्ड म्युझियम बांधायचे ठरले, तेव्हा बागेसमोर इमारत असलेले व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड कोर्टात गेले. त्यांच्यावर खूप टीका झाली, पण ते हटले नाहीत. १९११ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. संग्रहालय बुडालं का? नाही! बागेच्या दक्षिणेला, भर घालून केलेल्या जमिनीवर ते १९२१ मध्ये उघडलं.

प्रत्येक वेळी असं होत नाही. २०१४ मध्ये सरोवराकाठच्याच दुसऱ्या जागेवरून लुकास संग्रहालयाविरुद्ध खटला झाला. २०१६ मध्ये संग्रहालयवाल्यांनी शिकागोच सोडलं.

म्हणजे मोकळी जागा राखायचीही किंमत असते. पण इमारतीला दुसरी जागा मिळते, गेलेली बाग सहसा परत मिळत नाही.

तुमच्या गावातलं मैदान कागदावर कोणाच्या नावे आहे? मोठ्यांना विचारा आणि वहीत लिहा.