संगणकावर दूरचित्रवाणी : चित्र सुस्पष्ट कसे मिळेल?

हैदराबाद येथे १९६७ साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक उपक्रमाने टीडीसी मालिकेतील संगणकही बनविले आणि दूरचित्रवाणी संचही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात आंध्र प्रदेश, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्यासाठीचे संच याच उपक्रमाने पुरविले. संच चांगले होतेच. परंतु त्यांना चित्र मिळे ते खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीपासून बनविलेल्या, सुमारे ३ मीटर व्यासाच्या अँटेनामधून. अँटेनाची दिशा चुकली की संच निरुपयोगी ठरे.

यूएसबी ट्यूनर ही संगणकाला जोडण्याची लहानशी डबी होय. तिच्याविषयीही नेमके हेच म्हणता येईल. चित्र नीट न आल्यास बहुतेक लोक प्रथम डबीला किंवा संगणकाला दोष देतात. दोष बहुधा त्याआधीच्या टप्प्यात असतो.

ट्यूनर घेताना तो कोणत्या प्रक्षेपणासाठी आहे हे पाहणे अगत्याचे आहे. केबलची वायर थेट ट्यूनरला जोडण्याची जुनी सोय आता उरलेली नाही. केबल अंकीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत हैदराबादचा समावेश होता व त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. तेव्हापासून संकेत प्रथम सेट टॉप बॉक्समध्ये उलगडावा लागतो. जुना अनुरूप ट्यूनर जवळ असल्यास बॉक्सची चित्र व ध्वनीची पिवळी, लाल व पांढरी वायर त्याला जोडावी. वाहिनी मात्र बॉक्सवरूनच बदलावी लागते.

दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही मासिक शुल्क नसलेली सेवा उपग्रह ट्यूनरवर घेता येते. २०२० मध्ये शाळा बंद असताना पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी स्वतंत्र वाहिनी योजण्यात आली. ज्या घरी जुना संगणक आहे, पण इंटरनेटचा खर्च परवडत नाही, तेथे मुलांचा पाठ चुकणे किंवा न चुकणे हे अशा वेळी गच्चीवरील तबकडीवर अवलंबून असते.

ही सेवा देणारा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. हैदराबादेतून तो उत्तरेपासून सुमारे १३८ अंशांवर, म्हणजे आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६३ अंश उंचीवर येतो. मुंबईत हेच आकडे सुमारे १३१ व ५८ होतात. घरगुती तबकडी दिसते तितकी उभी नसते. तिची दृष्टी पत्र्याच्या रोखापेक्षा बरीच वर असते, त्यामुळे केवळ नजरेने लावलेली तबकडी हमखास चुकते. संगणकावरील प्रणालीत संकेताची तीव्रता व गुणवत्ता असे दोन आकडे दिसतात. त्यांपैकी गुणवत्तेकडे लक्ष द्यावे. तीव्रता भरपूर आणि गुणवत्ता शून्य असेल, तर बहुधा तबकडी उपग्रहावर रोखलेलीच नसते. एकाने संगणकासमोर बसावे व दुसऱ्याने तबकडी अगदी थोडी हलवून क्षणभर थांबावे. ट्यूनरला संकेत पकडण्यास वेळ लागतो.

अंकीय चित्र जुन्या चित्राप्रमाणे हळूहळू मुंग्यामुंग्यांचे होत नाही. संकेत मर्यादेखाली जाताच त्याचे चौकोन पडतात आणि ते नाहीसे होते. म्हणून कोरड्या दिवशी ‘दिसते आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. उपग्रहाच्या या लहरी पावसात क्षीण होतात. गुणवत्तेत तेवढी शिल्लक हवी.

वायर ७५ ओहमची, शक्य तितकी आखूड व मध्ये जोड नसलेली असावी. गच्चीवरील जोडात पाणी शिरल्यास चांगली वायरही वाया जाते. तेथे जलरोधक पट्टी गुंडाळावी आणि जोडाच्या अलीकडे वायरला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकते.

तबकडीवरील ग्राहकाला १३ किंवा १८ व्होल्ट दाब लागतो. यूएसबीतून केवळ ५ व्होल्ट मिळतात. म्हणून अशा ट्यूनरबरोबर बहुधा वेगळा अडॅप्टर येतो. तो न लावता वाहिन्या शोधत बसणारे पुष्कळ आढळतात. आधी अडॅप्टर लावावा, नंतरच शोध सुरू करावा. वायर जोडताना अथवा काढताना अडॅप्टर बंद ठेवावा.