डॅशबोर्डची भाषा

प्रस्तावना

भाषा म्हटली की अक्षरे आणि शब्द आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु अर्थ पोहोचवण्याचे काम केवळ अक्षरेच करतात असे नाही. रेल्वेचा लाल सिग्नल, रस्त्याच्या कडेचा वळणाचा बाण, औषधाच्या बाटलीवरील कवटीचे चित्र या साऱ्यांना अर्थ आहे. तो न कळल्यास होणारे नुकसान एखादा शब्द न कळण्यापेक्षा कितीतरी मोठे असू शकते. मोटारीच्या चालकासमोरचा फलक, म्हणजेच डॅशबोर्ड, हे अशा चिन्हभाषेचे उत्तम उदाहरण आहे. तुमच्यापैकी काही जण मोटार चालवत असतील, काहींना चालकाचा व्यवसाय करावयाचा असेल, तर काही जण केवळ प्रवासी असतील. या पाठात आपण या फलकाचे वाचन करण्यास शिकणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला–
• डॅशबोर्डवरील दिव्यांच्या रंगांचा अर्थ सांगता येईल;
• मोटारीतील ध्वनियंत्रणा सुरक्षितपणे कशी वापरावी हे स्पष्ट करता येईल;
• किल्लीतील सुरक्षायोजनेचे कार्य समजावून देता येईल;
• सूचनापर मजकुरातील आज्ञार्थी व विध्यर्थी वाक्ये ओळखता येतील.

मूळ पाठ

१. फलकाचे नाव आणि काम

‘डॅशबोर्ड’ हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडीच्या पुढच्या बाजूस एक फळी बसवलेली असे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम होते. घोडे गेले, इंजिन आले. फळीचे नाव मात्र टिकून राहिले. आज त्याच जागी वेग, इंधन, इंजिनाचे तापमान आणि कापलेले अंतर दाखवणारी उपकरणे असतात.

फिरवण्याच्या किल्लीला साधारणपणे चार स्थिती असतात. पहिल्या स्थितीत स्टिअरिंगला कुलूप लागते. दुसऱ्या स्थितीत इंजिन बंद असतानाही रेडिओसारखी उपकरणे चालू शकतात. तिसऱ्या स्थितीत सर्व विद्युत यंत्रणा कार्यान्वित होते. चौथ्या स्थितीत इंजिन सुरू होते.

तिसऱ्या स्थितीत किल्ली आणताच धोक्याचे बहुतेक दिवे काही क्षण एकदम उजळतात. अनेकांना हा दोष वाटतो. वस्तुतः ती मोटारीची हजेरी असते. प्रत्येक दिवा ‘मी जागा आहे’ असे सांगतो आणि त्यानंतर विझतो. म्हणून जो दिवा विझत नाही तो जसा काही सांगतो, तसा जो मुळीच लागत नाही तोही काही सांगत असतो. जुनी मोटार विकत घेताना ही हजेरी अवश्य पाहावी. एअरबॅगचा दिवा सुरुवातीस लागलाच नाही, तर ती यंत्रणा ठीक आहे असे गृहीत धरू नये. कुशल मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी.

किल्लीविषयी आणखी एक गोष्ट. इंधन वाचावे म्हणून घाट उतरताना काही चालक इंजिन बंद करतात. ही सवय प्राणघातक ठरू शकते. ब्रेक आणि स्टिअरिंग यांना मिळणारे साहाय्य चालू इंजिनावर अवलंबून असते. इंजिन बंद असताना दोन-चार वेळा ब्रेक दाबला, की पेडल जड होते आणि त्याच ताकदीने दाबूनही मोटार पूर्वीसारखी थांबत नाही. चालत्या मोटारीत किल्ली पहिल्या स्थितीत नेऊन बाहेर काढली, तर स्टिअरिंगही अडकते. वाचलेल्या थोड्या इंधनाची ही किंमत फार मोठी आहे.

२. रंगांचा अर्थ

मोटार कोणत्याही देशात बनलेली असो, तिच्यावरील चिन्हे बरीचशी सारखी दिसतात. यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले आहे. त्याचा क्रमांक आयएसओ २५७५ असा आहे. चिन्ह वाचण्यासाठी कोणतीही एक भाषा येण्याची गरज राहू नये, हा यामागील हेतू आहे.

चिन्हाच्याही आधी रंग वाचावा.

लाल – धोका आहे. सुरक्षित जागा पाहून लवकरात लवकर थांबा.
पिवळा – दोष आहे. जपून चालवा आणि लवकर तपासणी करून घ्या.
हिरवा किंवा निळा – केवळ माहिती आहे. एखादी यंत्रणा चालू आहे. निळा दिवा हेडलाइटचा झोत ‘अप्पर’वर असल्याचे दाखवतो.

आता काही लाल चिन्हे पाहू. तोंडातून थेंब गळणारे तेलाचे भांडे हे इंजिनातील तेलाचा दाब कमी झाल्याचे चिन्ह आहे. तेल नसेल तर इंजिनातील धातूचे भाग एकमेकांवर घासतात आणि काही मिनिटांतच इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ, मग पाहू’ असा विचार येथे चालत नाही. इंजिन ताबडतोब बंद करावे. ज्याचे पोट मोटारीवर आहे, त्याच्यासाठी हा एक दिवा अनेक महिन्यांच्या कमाईचा राखणदार आहे.

लाटांवर उभ्या असलेल्या तापमापकाचे चिन्ह इंजिन अतिशय तापल्याचे सांगते. अशा वेळी मोटार थांबवून इंजिन थंड होऊ द्यावे. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आतील उकळते पाणी दाबाखाली असते आणि ते उसळून चेहरा व हात भाजतात. वर्तुळातील उद्गारचिन्ह ब्रेकशी संबंधित आहे. हँडब्रेक खाली केल्यावरही ते विझले नाही, तर ब्रेक ऑईल कमी झालेले असण्याची शक्यता असते.

इंजिनाच्या आकृतीचा दिवा पिवळा असतो. तो स्थिर असेल तर गॅरेज गाठण्याइतका अवधी असतो. तो उघडझाप करीत असेल तर दोष गंभीर आहे असे समजावे.

फलक केवळ दिसत नाही, तो ऐकूही येतो. भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींमध्ये चालक व त्याच्या शेजारील प्रवासी यांच्यासाठी सीटबेल्टची आठवण आणि वेगाची सूचना देणारा ध्वनी अनिवार्य करण्यात आला. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे तो थांबून थांबून वाजतो आणि १२० च्या पुढे अखंड वाजत राहतो. या ध्वनीचा त्रास वाटून पट्टा न बांधताच त्याचे बक्कल खाचेत अडकवून ठेवणारे लोक आढळतात. आवाज बंद होतो. धोका मात्र तसाच राहतो.

३. मोटारीतील ध्वनियंत्रणा

मोटारीत रेडिओ बसवण्याची कल्पना जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेतील शिकागो येथे पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० मध्ये मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. पुढे त्या कंपनीनेही तेच नाव घेतले. रेडिओनंतर कॅसेट आली, मग सीडी, आणि आता बहुतेक गाणी मोबाईलमधून ब्लूटूथद्वारे येतात.

साधने बदलली तरी मूळ नियंत्रणे तीच आहेत: आवाज कमी-जास्त करणे, ध्वनीचा स्रोत निवडणे, केंद्र शोधणे आणि आवडते केंद्र स्मृतीत साठवणे. साठवण्यासाठी केंद्र लावून हव्या त्या क्रमांकाचे बटण थोडा वेळ दाबून ठेवावे लागते. ‘बॅलन्स’ने आवाज डाव्या-उजव्या बाजूंत विभागला जातो, तर ‘फेडर’ने पुढील व मागील आसनांत. मागे मूल झोपले असेल तर फेडर पुढे सरकवावा.

एफएम केंद्रे ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात ऐकू येतात. त्यांच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्यामुळे डोंगराआड गेल्यावर आवाज खरखरतो. तो रेडिओचा दोष नव्हे. मध्यम लहरींचे प्रक्षेपण मात्र त्याहून लांबवर पोहोचते.

आता महत्त्वाची गोष्ट. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. गाणे बदलण्यासाठी चालकाने दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर मोटार सुमारे ३३ मीटर अंतर न पाहताच पुढे गेलेली असते. एवढ्या अंतरात एखादे मूल रस्त्यावर धावत येऊ शकते. म्हणून केंद्र लावणे, मोबाईल जोडणे आणि पत्ता भरणे ही कामे मोटार उभी असतानाच करावीत. चालवताना स्टिअरिंगवरील बटणे वापरावीत किंवा शेजारच्या व्यक्तीस सांगावे. आवाज इतकाच ठेवावा, की रुग्णवाहिकेचा भोंगा आणि मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येईल. वाहन चालवताना हातात मोबाईल धरून वापरणे २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमानुसार धोकादायक वाहनचालनात मोडते.

इंजिन बंद ठेवून फार वेळ रेडिओ लावल्यास बॅटरी उतरते, हेही ध्यानात ठेवावे. काही मोटारींत बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर रेडिओ सांकेतिक क्रमांक मागतो. चोरलेला रेडिओ दुसऱ्यास निरुपयोगी ठरावा, यासाठी ही योजना असते. हा क्रमांक मोटारीत न ठेवता घरी जपून ठेवावा.

४. किल्ली: पहारेकरी

पूर्वी मोटारीची किल्ली म्हणजे खाचा असलेला धातूचा तुकडा होता. तसाच दुसरा तुकडा घडवला किंवा तारा जोडल्या, की मोटार सुरू होत असे. आजच्या अनेक किल्ल्यांच्या मुठीत एक सूक्ष्म चिप असते. किल्ली फिरवताच कुलपाभोवतीचे वेटोळे त्या चिपला ऊर्जा देते आणि चिप आपली ओळख सांगते. ती ओळख इंजिनाच्या नियंत्रकाला पटली तरच इंजिन सुरू राहते. या योजनेला ‘इमोबिलायझर’ म्हणतात. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या प्रवासी मोटारींना ती सक्तीची झाली. उभ्या मोटारीत लुकलुकणारा किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा बहुधा या पहारेकऱ्याचाच असतो.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. रस्त्यावरील दुकानात केवळ धातू कापून घेतलेली किल्ली दार उघडेल, परंतु इंजिन सुरू करणार नाही. म्हणून जुनी मोटार घेताना दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात. एकच किल्ली मिळाली, तर अधिकृत केंद्रात हरवलेल्या किल्लीची नोंद यंत्रणेतून काढून टाकावी.

दूरनियंत्रक किल्ली बटण दाबताच संदेश पाठवते. बहुतेक किल्ल्यांत हा संदेश दर वेळी बदलतो. त्यामुळे एकदा पकडलेला संदेश चोराला पुन्हा वापरता येत नाही. बटण न दाबता दार उघडणाऱ्या किल्ल्यांच्या बाबतीत मात्र चोर निराळी युक्ती करतात. घरातील किल्लीचा क्षीण संकेत उपकरणाने वाढवून ते मोटारीपर्यंत पोहोचवतात. अशी किल्ली दाराजवळ टांगू नये. धातूच्या झाकणबंद डब्यात ठेवावी.

शेवटी, जी गोष्ट चोरीहूनही गंभीर आहे ती पाहू. उन्हात बंद असलेली मोटार काही मिनिटांतच भट्टीसारखी तापते. लहान मूल आत आणि किल्लीही आत, अशी स्थिती कधीही येऊ देऊ नये. ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला मोटारीत एकटे सोडू नये. मागील दारातील बालसुरक्षा कुलूप लावले असेल, तर दार आतून उघडत नाही, याचे भान ठेवावे. वीजपुरवठा खंडित झाला तरी दारे हाताने उघडता यावीत, ही तरतूदही १ जुलै २०१९ च्या नियमांत आहे. ती आपल्या मोटारीत कशी वापरावी, हे माहितीपुस्तिकेत पाहून घरातील सर्वांना दाखवून ठेवावे.

शब्दार्थ

कार्यान्वित होणे – काम सुरू करणे
अनिवार्य – सक्तीचे
प्रक्षेपण – रेडिओ लहरींद्वारे कार्यक्रम पाठवणे
खंडित – तुटलेला
क्षीण – दुबळा, मंद

भाषाभ्यास

माहितीपुस्तिकेत पुढील प्रकारची वाक्ये आढळतात:

(अ) सुरक्षित जागी थांबा. – क्रियापदावरून आज्ञा कळते. हा आज्ञार्थ होय.
(आ) इंजिन थंड होऊ द्यावे. – क्रियापदावरून कर्तव्य किंवा योग्यता कळते. हा विध्यर्थ होय.
(इ) लाल दिवा धोका दाखवतो. – केवळ विधान आहे. हा स्वार्थ होय.

सूचना वाचताना क्रियापदाकडे लक्ष दिल्यास काय करावयाचे आहे आणि काय केवळ जाणून घ्यावयाचे आहे, हे चटकन कळते.

पाठगत प्रश्न

१. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(क) हेडलाइटचा झोत अप्परवर असल्यास ______ दिवा लागतो. (लाल, पिवळा, निळा)
(ख) आवाज पुढील व मागील आसनांत विभागण्यासाठी ______ वापरतात. (फेडर, बॅलन्स, इमोबिलायझर)
२. किल्ली तिसऱ्या स्थितीत आणताच दिवे का उजळतात?
३. ‘रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये.’ या वाक्याचा अर्थ (आज्ञार्थ, विध्यर्थ, स्वार्थ) ओळखा.

आपण काय शिकलो?

• चिन्हांच्या आधी रंग वाचावा: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे तपासा, हिरवा-निळा म्हणजे माहिती.
• ध्वनियंत्रणेची जुळवणी मोटार उभी असताना करावी.
• चिपयुक्त किल्ली मोटारीचे रक्षण करते. तिचा हिशेब मालकाने ठेवावा.
• मूल आणि किल्ली यांना मोटारीत एकत्र बंद होऊ देऊ नये.

स्वाध्याय

१. घाट उतरताना इंजिन बंद करणे धोक्याचे का आहे, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार दोन सेकंदांत किती मीटर जाईल? उत्तर काढा आणि त्यावरून चालकासाठी एक सूचना लिहा.
३. तुमच्या घरातील कोणत्याही एका यंत्राची माहितीपुस्तिका पाहून तीन आज्ञार्थी व तीन विध्यर्थी वाक्ये लिहा.
४. तुमच्या ओळखीच्या चालकास तेलाच्या दिव्याविषयी माहिती देणारे पत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (क) निळा (ख) फेडर
२. दिवे चालू स्थितीत आहेत की नाहीत, हे चालकास कळावे म्हणून.
३. विध्यर्थ