बावीस मे : एक तारीख आणि दोन भूकंप

दिनदर्शिकेतील कोणतीही तारीख घेतली, तरी त्या तारखेस जन्मलेल्या थोर व्यक्ती आणि घडलेल्या मोठ्या घटना आढळतात. २२ मे ही तारीख पाहू. राजा राममोहन राय यांचा जन्म १७७२ साली आणि ब्रिटिश लेखक आर्थर कॉनन डॉइल यांचा जन्म १८५९ साली याच तारखेस झाला. १९६० साली याच तारखेस दक्षिण अमेरिकेतील चिली देशात भूकंप झाला. आजवर उपकरणांनी नोंदलेल्या भूकंपांत तो सर्वांत मोठा होय. पुढे २२ मे १९९७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी नर्मदाकाठचे जबलपूर शहर हादरले. जबलपूर व मंडला जिल्ह्यांत असंख्य घरांची पडझड झाली, कोसमघाटसारखी खेडी उद्ध्वस्त झाली आणि पस्तीसहून अधिक माणसे दगावली.

दोन भूकंप एकाच तारखेस झाले, यावरून ती तारीखच अशुभ मानावी काय?

तारीख कोणत्या घड्याळाची?

जगभरच्या भूकंपांची नोंद ग्रिनिच येथील वेळेप्रमाणे ठेवण्याचा प्रघात आहे. भारतीय प्रमाणवेळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. जबलपूरला धक्का बसला तेव्हा ग्रिनिच वेळेप्रमाणे २१ मेच्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली होती. याउलट, चिलीतील भूकंप तेथील घड्याळाप्रमाणे २२ मेच्या दुपारी झाला. तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून २३ मे उजाडली होती. म्हणजे एकच घड्याळ, मग ते ग्रिनिचचे असो वा भारताचे, दोन्ही घटनांना लावले की त्यांच्या तारखा वेगळ्या होतात. तारीख ही मनुष्याने कालगणनेच्या सोयीसाठी केलेली खूण आहे. भूगर्भास तिची जाणीव नाही.

योगायोगाचे गणित

६ किंवा त्याहून अधिक महत्तेचे भूकंप पृथ्वीवर दरवर्षी सरासरी शंभराहून अधिक होतात. शंभर वर्षांत त्यांची संख्या दहा हजारांवर जाते. वर्षाच्या ३६५ तारखांत ती विभागली, तर प्रत्येक तारखेच्या वाट्याला पंचवीसहून अधिक भूकंप येतात. भूकंपाचा स्पर्श न झालेली तारीख शोधणे हेच कठीण होय.

वर्गातही याचा प्रत्यय येतो. केवळ २३ विद्यार्थी असले, तरी त्यांपैकी कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. कारण २३ जणांच्या २५३ जोड्या होतात.

योगायोग शोधू म्हटले तर वेळेचाही सापडतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंपही पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीच झाला होता.

कारण कोठे शोधावे?

चिलीच्या किनाऱ्यालगत नाझ्का नावाचा सागरी भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकतो. तेथे साठलेला ताण १९६० साली शेकडो किलोमीटर लांबीच्या विभंगावर एकाएकी मोकळा झाला. त्या भूकंपाची महत्ता ९.५ होती. त्याने उठलेल्या लाटा प्रशांत महासागर ओलांडून हवाई बेटांवर व जपानच्या किनाऱ्यावर आदळल्या.

जबलपूरचे कारण वेगळे आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असून हिमालयाच्या बाजूस त्यास अडथळा होतो. त्यामुळे भूपट्टाच्या अंतर्भागातही दाब निर्माण होतो आणि नर्मदा-शोण पट्ट्यातील प्राचीन विभंगांसारख्या दुर्बळ जागी तो मोकळा होतो. १९९७ च्या भूकंपाची नाभी सुमारे ३५ किलोमीटर खोल होती व महत्ता ५.८ होती. महत्ता एका अंकाने वाढली की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. या हिशेबाने चिलीच्या भूकंपाची ऊर्जा जबलपूरच्या साडेतीन लाख पट भरते.

कोयनेच्या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ धरणाच्या जलाशयाशी जोडतात. तीन ठिकाणी अशी तीन कारणे आहेत.

पहाटेच्या वेळेस मात्र एक खरा अर्थ आहे. त्या वेळी माणसे घरात निजलेली असतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीस भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची ती रात्र होती. दगडमातीच्या जड भिंती व माळवदे निजलेल्यांवर कोसळून हजारो माणसे गेली. भूकंपाची तारीख आधी सांगता येत नाही; परंतु भिंतीचे कोपरे नीट सांधणे, दारांवरून सलग पट्टा घालणे आणि छप्पर हलके ठेवणे मनुष्याच्या हाती आहे. जो तारखेस भितो तो वर्षातून एक दिवस सावध राहतो. जो घर पक्के बांधतो तो ३६५ दिवस सुरक्षित असतो.

अभ्यास

१. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ग्रिनिच येथे कोणती तारीख होती?

२. शाळेच्या पटावरून प्रत्येक वर्गात समान वाढदिवसाच्या किती जोड्या आहेत ते मोजा.

३. आपल्या गावातील जुन्या घरांच्या भिंती व छपरे पाहून, भूकंपात कोणता भाग प्रथम कोसळेल ते सकारण लिहा.