सूट आधी की बेरीज आधी? : कॅल्क्युलेटेड कॉलम आणि मेजर



एक्सेलवरून पॉवर बीआयकडे वळलं की एक प्रश्न हमखास पडतो : "अमुक असेल तर सूट" असा हिशेब कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये करायचा की मेजरमध्ये? चुकीची निवड केली तरी संगणक तक्रार करत नाही. एकूण रक्कम मात्र चुकते.

उदाहरण

आपल्या देवनारचंच घेऊ. महापालिकेच्या देवनार पशुवधगृहात बकरी ईदच्या आधी बकऱ्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, उत्तर प्रदेशातूनही व्यापारी येतात. समजा, एकाने तीन बकरे १८,०००, २५,००० आणि १२,००० रुपयांना लावले. नियम असा : ज्या बकऱ्याची किंमत २०,००० च्या वर, त्याच्यावर १० टक्के सूट. (आकडे आणि नियम समजण्यापुरते.)

कॉलम काय करतो?

तो एकेक ओळ तपासतो. २५,००० चे २२,५०० होतात, बाकी दोन तसेच राहतात. बेरीज ५२,५००. बरोबर!

ही उत्तरं डेटा रिफ्रेश होताना काढली जातात आणि फाइलमध्ये साठतात. फिल्टर लावला म्हणून ओळीतला आकडा बदलत नाही.

मेजर काय करतं?

ते समोर दिसणाऱ्या ओळींवर, त्या क्षणी हिशेब करतं. "बेरीज २०,००० च्या वर असेल तर १० टक्के कमी" असं मेजर लिहिलं, तर ते आधी बेरीज करतं : ५५,०००. मग सगळ्यावरच सूट! उत्तर ४९,५००. म्हणजे व्यापाऱ्याचे ३,००० रुपये कागदावर गायब.

मग मेजर वापरायचंच नाही का? तसं नाही. समएक्स फंक्शन वापरलं तर मेजरही आधी ओळ-ओळ तपासतं, मग बेरीज करतं. उत्तर ५२,५००, आणि फाइलही फुगत नाही.

मग निवडायचं कसं?

- अट एकेका ओळीवर असेल : कॉलम किंवा समएक्सचं मेजर.
- "सूट मिळालेले / न मिळालेले" असे गट पाडून फिल्टर लावायचा असेल : कॉलमच.
- अट निवडलेल्या बेरजेवर असेल, जसं "निवडलेल्या दिवसांची विक्री ५०,००० च्या वर गेली तर" : मेजरच.
- टक्केवारी, सरासरी : मेजर.

घरी करून बघा

एका वर्गात ४० पैकी ३६ मुलं हजर, म्हणजे ९० टक्के. दुसऱ्यात २० पैकी १२, म्हणजे ६० टक्के. दोन टक्केवाऱ्यांची सरासरी ७५ येते. पण ६० पैकी ४८ मुलं हजर आहेत, म्हणजे खरी हजेरी ८० टक्के.

सूत्र लिहिण्याआधी एवढंच विचारा : अट ओळीची आहे की बेरजेची? आणि तीन-चार ओळींचा हिशेब आधी वहीत करून बघा. वहीतलं आणि पडद्यावरचं उत्तर जुळलं, तरच पुढे जा.