मांडीच्या हाडाचा पीळ : अंशांचा हिशेब

सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांची पावले चालताना आत वळतात, गुडघे एकमेकांस घासतात, मूल वारंवार पडते. पुष्कळदा याचे मूळ पावलात नसून मांडीच्या हाडात असते. जन्मतः या हाडास सुमारे ४० अंशांचा पीळ असतो. वाढीबरोबर तो सुमारे १५ अंशांपर्यंत उतरतो. स्नायूंचा ताठरपणा व उशिरा चालणे यांमुळे या मुलांत तो पुरेसा उतरत नाही.

शस्त्रक्रियेत हाड छेदून, योग्य तेवढे फिरवून, प्लेट व स्क्रूने स्थिर करतात. फिरवणे कमी पडल्यास दोष उरतो; अधिक झाल्यास पाऊल बाहेर वळते. म्हणून आम्ही केवळ नजरेच्या अंदाजावर विसंबत नाही. शारीरिक तपासणी, चालीचे निरीक्षण व आवश्यक तेथे सी.टी. स्कॅन यांवरून अंश आधी ठरवतो. छेदाच्या वर व खाली धातूची एकेक तार बसवून, हाड फिरवताना दोहोंमधील कोन मोजतो.

पालकांस नम्रपणे सांगतो, की शस्त्रक्रियेने हाडाचा पीळ सुधारतो. मेंदूची इजा भरून निघत नाही. पुढील कित्येक महिन्यांचा व्यायाम हाही उपचारच आहे. देणगीदारांनी मोजमापाच्या साधनांसाठी दिलेले साहाय्य थेट मुलाच्या पावलापर्यंत पोहोचते, ते असे.