थोडे स्वर आणि दीर्घ अभ्यास

संगीतांत जितके अधिक स्वर तितकें तें श्रेष्ठ, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा आहे, हें एस्टोनिया देशाचे संगीतकार आर्व्हो पॅर्ट यांच्या कार्यावरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्रकांठचा लहानसा देश. तेथील पाइडे या गांवीं ता. ११ सप्टेंबर १९३५ रोजीं पॅर्ट यांचा जन्म झाला. टालिन शहरीं त्यांनीं संगीताचें शिक्षण घेतलें व रेडिओवर ध्वनिमुद्रणाचें काम केलें. त्या काळीं देशावर सोव्हिएट सत्ता होती. १९६८ सालीं त्यांची ‘क्रेडो’, म्हणजे ‘मी विश्वास धरितों’, ही रचना टालिन येथें सादर झाली. तींत ख्रिस्तावरील विश्वास उघडपणें प्रकट केला होता, व सूड न घेण्याविषयींची प्रभूची शिकवण गुंफिली होती. राज्यकर्त्यांस हें रुचलें नाहीं. ती रचना पुन्हां सादर होणें बंद झालें.

यानंतर सुमारें आठ वर्षें पॅर्ट यांनीं फारच थोडें लिहिलें. चरितार्थासाठीं ते चित्रपटांस संगीत देत. परंतु जुनी रीत त्यांस पुरेनाशी झाली होती व नवी सांपडत नव्हती. या काळांत त्यांनीं युरोपांतील प्राचीन उपासनागीतांचा नेटानें अभ्यास केला. या गीतांत साथीवांचून एकच सुरावट असते.

१९७६ सालीं ‘अलिनेसाठीं’ ही पियानोची छोटी रचना झाली, आणि नवी रीत हातीं आली. लहान घंटेस लॅटिन भाषेंत जो शब्द आहे, त्यावरून पॅर्ट यांनीं तिला ‘टिंटिनाबुली’ असें नांव दिलें. तिचें मर्म विद्यार्थ्यांस पेटीवर समजून घेतां येईल. एकानें षड्जापासून पायरीपायरीनें वर किंवा खालीं जावें. दुसऱ्यानें षड्ज, कोमल गांधार व पंचम या तीनच स्वरांतून पहिल्याच्या स्वरास जवळचा असा एक स्वर प्रत्येक वेळीं द्यावा. तो स्वर वरचा कीं खालचा, हें आरंभींच ठरवावें. मग मन मानेल तसें बदलूं नये. पहिला स्वर भटकतो, दुसरा घर सोडीत नाहीं. दोघे मिळून घंटेसारखा नाद उमटतो.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन १९७६ सालीं निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ पॅर्ट यांनीं १९७७ सालीं तंतुवाद्यें व एक घंटा यांसाठीं रचना केली. सर्व वाद्यें एकच अवरोही सुरावट वाजवितात. प्रथम एक स्वर, मग पुन्हां वरून दोन, मग तीन, अशी ती वाढत जाते. मात्र प्रत्येक खालचें वाद्य वरच्याच्या निम्म्या गतीनें चालतें. सामग्री एवढीच; पण ऐकणाराचें अंतःकरण शोकानें भरून येतें.

१९८० सालीं पॅर्ट यांस कुटुंबासह देश सोडावा लागला. व्हिएन्नामार्गें ते बर्लिन येथें राहिले. १९८४ सालच्या ‘टाब्युला रासा’ या ध्वनिमुद्रिकेनें त्यांचें नांव दूरवर पोहोंचलें. २०१० सालीं ते मायदेशीं परतले, व २०१८ सालीं लाउलास्मा येथें त्यांच्या कार्याचें संग्रहालय व अभ्यासकेंद्र नव्या वास्तूंत उघडलें.

परीक्षेंत पहिल्या वर्षीं यश न आल्यास आमचे विद्यार्थी खचतात आणि पालकही अधीर होतात. आठ वर्षें उत्तर सांपडलें नाहीं, तरी अभ्यास न सोडणारा हा मनुष्य उभयतांनीं ध्यानांत ठेवावा.