मेणवलीला गेल्यावर पळायचं कुठे?

प्रश्न : सुट्टीत वाईजवळ मेणवलीला आजोळी जाणार आहे. पुण्यात रोज पाच-सहा किलोमीटर पळते. तिथे निसर्गरम्य रस्ता कोणता?

उत्तर : ताई, तुमचं आजोळ मोक्याच्या जागी आहे! गावातून धोमकडे जाणारा रस्ता धरा. एका अंगाला कृष्णाकाठची ऊस-हळदीची शेतं, दुसऱ्या अंगाला पांडवगडाची रांग. पहिले काही दिवस भोगावपर्यंत जाऊन परत या. वामन पंडितांची समाधी तिथेच आहे. दम टिकू लागला की धोमपर्यंत जा. तिथल्या देवळातला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर, कमळाकृती कुंडात बसलाय. तो बघायला थांबलात तर घड्याळ बंद करा, वेळेचा हिशेब कशाला बिघडवायचा!

ऊसतोडीच्या हंगामात मात्र सांभाळून. भरलेल्या ट्रॉलीतून ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि ट्रॅक्टरवाल्याला मागचं दिसत नाही. उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा. कानात इअरफोन नकोच. पावसाळ्यात बांधावरून पळायचा मोह टाळा. काळी माती बुटाला थापून पाय जड होतात आणि घोटा मुरगळतो. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पळू नका, चाला.

आणि वाईहून चढणारा पसरणी घाट? तिथे वाहनं फार. शिवाय पाचगणीपर्यंत सुमारे 600 मीटरची चढण आहे. सपाटीवरच्या सवयीने तिथे जाऊ नये, असं माझं मत.

मेणवलीत परतल्यावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या नदीघाटावर पोटऱ्या ताणा. पायऱ्या आयत्याच आहेत, फक्त शेवाळलेल्या टाळा.